अर्थ विचारायचा नाही

कोल्हापुरात गुऱ्हाळ नावाचा एक रॉक बँड होता, असं आज सांगितलं तर निम्म्या लोकांना ते खरं वाटत नाही आणि उरलेले म्हणतात, असेल, आमच्याकडं काय नव्हतं! पण होता. पंचवीस वर्षांपूर्वी चार पोरं मंगळवार पेठेतल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत गिटारी आणि ड्रम घेऊन शिरायची आणि शेजारीपाजारी शिव्या द्यायला येईपर्यंत वाजवायची. कॉलेजच्या गॅदरिंगला त्यांना बोलावणं असायचं. एकदा गणपतीत एका मंडळानं हौसेनं बोलावलं आणि दुसऱ्याच गाण्याला कंटाळून लेझीमवाले मध्ये घातले. उभ्या आयुष्यात त्यांनी एक कॅसेट काढली. ती विजयसिंहानं आणली आणि त्याच्या धाकट्या बहिणीनं, वर्षाराणीनं, वाजवून वाजवून तिची फीत पार झिजवून टाकली.

विजयसिंह तेव्हा पॉलिटेक्निकला होता, ती अकरावीत. दोघं गुऱ्हाळचा एक कार्यक्रम चुकवत नसत. आता याला भक्ती म्हणावं तर त्या चौघांची जेवढी टिंगल या बहीणभावांनी केली तेवढी त्यांच्या वैऱ्यांनीही केली नसेल. कार्यक्रम संपला की रंकाळ्याच्या कठड्यावर बसायचं, भेळ खायची आणि चौघांच्या एकेका सवयीतून शब्द काढायचे. गिटारवाला ऋतुराज स्टेजवर अर्धा तास तारा पिळत बसायचा आणि मग तीन मिनिटं वाजवायचा. त्यावरून 'ऋतुराजकी'. गल्लीतला रस्ता तीन महिने खणून ठेवला आणि पुढं काही हललं नाही, की ती ऋतुराजकी. ड्रमवाला खिजर गाणं संपल्यावर एक ठोका जास्त मारायचा, दर गाण्याला, न चुकता. पाहुणे उठले, चपला घातल्या आणि दारात उभं राहून आणखी अर्धा तास बोलले, की ती 'खिजरी'. गाणारा उदयसिंह शब्द विसरला की डोळे मिटून, मान मागं टाकून ओरडायचा, आणि लोकांना वाटायचं, काय काळजातून गातोय! त्यामुळं आबा बाजारातून काय आणायचं ते विसरून आले आणि महागाईवर बोलायला लागले, की ही दोघं एकमेकांकडं बघायची. "आबा उदयले." बेसवाला आकाराम लाजरा, तो लोकांकडं पाठ करून वाजवायचा. लग्नाच्या मांडवात जे पुरुष नवरा-नवरीकडं पाठ करून पंगत कधी बसते ते बघत असतात, ते सगळे 'आकारामी'.

असे ऐंशीएक शब्द झाले. दोनशेपानी वहीत लिहून ठेवले होते. आणि या खेळाला नियम एकच होता, अर्थ विचारायचा नाही. समोरच्यानं नवा शब्द टाकला की तो चालू बोलण्यात झेलायचा, त्यातच उत्तर द्यायचं आणि अर्थ आपोआप ठरू द्यायचा. 'म्हंजे काय?' असं ज्याच्या तोंडून निघालं तो हरला, मग दिवसभर त्याला हसायचं. वहीतसुद्धा नुसते शब्दच होते, अर्थ कुठंच लिहिलेला नव्हता. त्या वयात माणूस असले कडक कायदे करतो आणि वर ते पाळतोही.

पुढं जे सगळ्यांचं होतं ते झालं. बँड मोडला. विजयसिंह शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडी साचे करायला लागला. बिद्रीकडची संयोगिता त्याची बायको होऊन आली. वर्षाराणीला हुपरीला दिली, सासरी घरातच चांदीच्या पैंजणांचं काम, तीही कड्या जोडायला बसू लागली. पहिली दहाबारा वर्षं ती माहेरी आली की खेळ सुरू व्हायचा. ही दोघं पुढच्या खोलीत हसून हसून लोळायची आणि संयोगिता आत भाकऱ्या थापत असायची. मग आई गेली, आबा गेले. विजयसिंहाला मूलबाळ झालं नाही, दवाखाने झाले, देव झाले, आणि तो हळूहळू गप्प होत गेला. तो कुणावर चिडायचा नाही, कामाला वेळेवर जायचा, दर रविवारी सकाळी रांगेत उभा राहून मटण आणायचा. फक्त बोलायचा कमी. शेवटची पाचसहा वर्षं तर वर्षाराणीनं एखादा जुना शब्द टाकला तरी तो "हं" म्हणायचा आणि टीव्ही बघायचा. तिला फार वाईट वाटायचं. सासरी तिला सगळं होतं, पण तिच्या थट्टेवर हसणारं माणूस जगात एकच होतं आणि ते हसेनासं झालं होतं.

म्हणून त्या शनिवारी संध्याकाळी तिला फेसबुकवर ती बातमी दिसली तेव्हा तिनं हातातलं काम टाकून भावाला फोन लावला. "दादा, गुऱ्हाळ परत वाजवणार हाय! डिसेंबरात! चौघंबी हाईत!"

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग विजयसिंह हसला. किती वर्षांनी हसला! म्हणाला, "खिजरला हाताला धरून बसवाय लागतंय आता."

"मी उद्या येते," ती म्हणाली. "मटण जास्तीचं आण."

दुसऱ्या दिवशी हुपरीची बस धरून, पुढं रिक्षा करून ती साडेनऊला भावाच्या दारात उतरली. आत मिक्सर चालू होता, खोबऱ्या-लसणाचा वास बाहेर रस्त्यापर्यंत आला होता. विजयसिंह पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर पेपर. तिनं पिशवी ठेवली आणि एकदम म्हणाली, "काय दादा, तिकिटं काढायची का नुसती ऋतुराजकीच?"

त्यानं वर बघितलं. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या हेलात म्हणाला, "व्हय की. त्यो भिंगुरटा सपाळला की समदा. झांबुळकी न्हाय ऱ्हायली."

वर्षाराणी आधी थबकली आणि मग अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. एका दमात तीन नवे शब्द! पंधरा वर्षांत एक नवा शब्द झाला नव्हता आणि दादानं रातोरात तीन काढले! आता तिनं काय करायचं? नियमाप्रमाणं झेलायचं. ती म्हणाली, "सपाळला तर सपाळू दे की. आपल्याला झांबुळकीशी काय करायचंय?"

"न्हाय, न्हाय," तो म्हणाला. "कडमुरी. कडमुरी लोटली हितं." आणि त्यानं कपाळावर हात फिरवला.

"लोटू दे कडमुरी. तू चहा घेतलास का?"

तिला इतका आनंद झाला होता की शब्द विसरून जातील या भीतीनं तिनं मोबाइल काढला आणि स्वतःच्याच नंबरवर मेसेज करून ठेवला. भिंगुरटा, सपाळणं, झांबुळकी, कडमुरी. पुढं हसऱ्या तोंडाची तीन चित्रं. मेसेजखाली वेळ उमटली, नऊ बेचाळीस.

विजयसिंह बोलतच राहिला. एरवी दहा शब्दांत दिवस काढणारा माणूस तोंडाला खळ न घेता बोलत होता. मध्येच त्यानं तिचं मनगट धरलं आणि एकच शब्द तीनदा म्हणाला, शेवटच्या वेळी मोठ्यानं, डोळे घट्ट मिटून. ती म्हणाली, "अगं बाई, उदयसिंह बघा!" आणि टाळी दिली. त्यानं टाळी घेतली नाही. हात तसाच हवेत राहिला. तेवढ्यात संयोगिता चहा घेऊन दारात आली. तिनं नवऱ्याकडं बघितलं, नणंदेकडं बघितलं, चहाचे कप टेबलावर ठेवले आणि आत गेली. पुन्हा मिक्सर सुरू झाला.

साडेदहाला विजयसिंह उठला आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला. वर्षाराणीला वाटलं, दमला असेल, सवय गेलीय बोलायची. ती स्वयंपाकघरात गेली, कोथिंबीर निवडली, कांदे चिरले आणि वहिनीला म्हणाली, "वैनी, दादा आज कसला रंगात हाय न्हवं!" संयोगिता तव्यावरची भाकरी उलटत "हं" म्हणाली. तिचा स्वभावच तसा मोजका, असं वर्षाराणी गेली वीस वर्षं धरून चालली होती.

दीड वाजता ताटं वाढली. विजयसिंह येऊन बसला. त्यानं भाकरी उचलली, दोन्ही बाजूंनी नीट बघितली आणि परत ठेवली. मग रश्शाची वाटी उचलली आणि पाण्याच्या तांब्यात ओतली. अगदी शांतपणे, सांडू न देता.

"अहो, काय करताय हे?" संयोगिता म्हणाली.

तो काहीतरी म्हणाला. लांबलचक वाक्य होतं, त्यात प्रश्न होता, कारण शेवटी आवाज चढला आणि तो दोघींकडं आळीपाळीनं बघत उत्तराची वाट बघत राहिला. त्यातला एक शब्दही माणसाचा नव्हता. वर्षाराणीनं हातातला घास ताटात ठेवला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

"दादा," ती म्हणाली, "म्हंजे काय?"

विजयसिंह रडायला लागला.

दवाखाना दहा मिनिटांवर होता. सव्वादोनपर्यंत डोक्याचा फोटोही काढून झाला. डॉक्टरीणबाई तरुण होती, भराभर बोलत होती. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकलीय, रक्तस्राव नाही. हातापायात जोर आहे, तोंड वाकडं नाही, म्हणून घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही, पण बोलण्याचा आणि समजण्याचा भाग नेमका सापडलाय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे. सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तर उपयोग होतो. त्यानंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून वेळ अगदी बरोबर सांगा. कधी सुरू झालं?

"जेवताना," संयोगिता म्हणाली. "दीडच्या सुमाराला."

"मग लवकर आणलंत तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि तिनं सहीचा कागद पुढं केला. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा हसू आलं. संयोगितानं पेन हातात घेतलं.

वर्षाराणी बाकाच्या टोकाला बसली होती. पर्समध्ये मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये नऊ बेचाळीस. गप्प बसलं तर दादाला इंजेक्शन मिळत होतं, कदाचित त्यानं तो बराही झाला असता, आणि ही बया चार तास त्याच्या झटक्याला टाळ्या देत बसली होती हे कुणाला कधीच कळलं नसतं. बोललं तर इंजेक्शन गेलं. गप्प बसलं आणि डोक्यात रक्त फुटलं तर? तिला दादाचा हवेत तसाच राहिलेला हात दिसला. खोटं बोलायचा मोह तिला झाला, चांगला सणसणीत झाला, आणि तो झाला म्हणून तिला स्वतःची किळस आली.

"सही नको, वैनी," ती म्हणाली. "सकाळपास्नं हाय."

तिनं मोबाइल काढून डॉक्टरीणबाईच्या पुढं धरला. ती ते शब्द आणि ती हसरी तोंडं वाचत राहिली, तिला काही उमजेना. वर्षाराणीला सांगावं लागलं, बँड काय, खेळ काय, नियम काय. दवाखान्याच्या पांढऱ्या उजेडात ते सांगताना तिला आपण चाळिशी उलटलेली बाई आहोत हे पहिल्यांदा नीट कळलं. डॉक्टरीणबाईनं शेवटी एवढंच विचारलं, "त्याआधी नीट कधी बोलले?"

संयोगिता खाली बघत म्हणाली, "साडेसातला मटण घेऊन आले तवा. चरबी कमी घालून आणलीय म्हणाले."

"म्हणजे बारापर्यंत वेळ होता," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिनं कागद परत फाइलमध्ये ठेवला. बाकीचे उपचार करू, म्हणाली, आणि केलेही.

पुढच्या तीन महिन्यांत वर्षाराणीनं तो हिशेब किती वेळा केला असेल त्याला गणती नाही. नऊ बेचाळीस ते बारा, दोन तास अठरा मिनिटं. कड्या जोडताना, भांडी घासताना, बसमध्ये. 'दादा, म्हंजे काय?' असं विचारायला तीन सेकंद लागतात. ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी तिला ते लागलेही तेवढेच, पण चार तास उशिरा. नवरा म्हणायचा, तुला काय ठाऊक असणार, तू काय डॉक्टर हाईस? ते खरंच होतं आणि त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

विजयसिंह घरी आला. चालायचा, हातानं जेवायचा, आंघोळ करायचा. फाउंड्रीनं दोन महिने वाट बघितली आणि मग त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. दर मंगळवारी बोलायला शिकवणारी एक बाई यायची, कपाचं चित्र दाखवायची, म्हणायची, "हा कप." तो तिला प्रेमानं काहीतरी सांगायचा. सुरुवातीला खूप बोलायचा. समोरच्याला आपलं काही कळत नाही हे त्याला हळूहळू कळत गेलं असावं, कारण पुढं पुढं बोलणं आखडलं आणि तो खिडकीतून रस्त्यावरची रहदारी बघत बसू लागला.

वर्षाराणी दर रविवारी जायची. माळ्यावरून तिनं ती जुनी वही शोधून काढली होती. तिच्या डोक्यात एक वेडी आशा घर करून बसली होती, की शहाण्या भाषेची जागा गेली असेल, पण हे शब्द मेंदूत दुसरीकडंच कुठंतरी ठेवलेले असणार. ती त्याच्यापुढं बसून एकेक शब्द वाचायची. एका रविवारी तिनं 'ऋतुराजकी' म्हटलं आणि तो ताड्‌दिशी म्हणाला, "ऋतुराजकी!" स्वच्छ. अगदी जुन्या दादासारखा. ती ओरडलीच, "वैनी, या, या लवकर!" संयोगिता ओले हात पुसत आली. विजयसिंहानं तिच्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "ऋतुराजकी." मग पंख्याकडं बोट केलं, ऋतुराजकी. आबांच्या फोटोकडं, ऋतुराजकी. चहाच्या कपाकडं, स्वतःच्या गुडघ्याकडं. मग तो थकला आणि त्यानं डोळे मिटले. पुढच्या रविवारी तेवढंही उरलं नव्हतं. वर्षाराणीनं वही मिटली, तरी येताना ती पिशवीत असायचीच.

आणि या सगळ्यात संयोगिता तिला एका शब्दानं बोलली नव्हती. दवाखान्यात नाही, घरी नाही, पाहुणेरावळे भेटायला आले तेव्हाही नाही. "या, वन्सं" म्हणायची, चहा द्यायची, जाताना पिशवीत काहीबाही घालायची. वर्षाराणीला वाटायचं, हिनं एकदा मला घाल घाल शिव्या घालाव्यात, चार बायकांत माझं नाव काढावं, म्हणजे सुटेन. पण ती बाई चहा द्यायची.

डिसेंबर आला. वर्षाराणीनं तीन तिकिटं काढली. डॉक्टरांनी नको म्हटलं नव्हतं, आणि गाण्यानं असल्या माणसांत फरक पडतो असं तिनं मोबाइलवर वाचलं होतं. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम. हॉल निम्मा भरला होता. तिच्याच वयाचे लोक होते, कुणी पोरांना घेऊन आले होते, कुणाच्या डोक्यावर केस उरले नव्हते. विजयसिंहाला मध्ये बसवून दोघी दोन बाजूंना बसल्या. चौघं स्टेजवर आले आणि ऋतुराज तारा पिळायला लागला. पन्नाशीतही तेच. वर्षाराणीनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. तो समोर बघत होता, छान बघत होता.

मग पहिला ठोका पडला आणि विजयसिंह किंचाळला. दोन्ही हात कानांवर घेऊन त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. जवळची माणसं वळून बघायला लागली. संयोगितानं त्याला काखेत धरून उठवलं, वर्षाराणीनं दुसरी बाजू धरली आणि तिघं रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत बाहेर आले. पहिलं गाणंसुद्धा पुरं झालं नव्हतं. बाहेर पार्किंगमध्ये तो एका स्कूटरला टेकून थरथरत उभा राहिला. भिंतीपलीकडून ड्रमचा दणका येत होता तोवर तो थरथरत होता. रिक्षा मिळायला पंधरा मिनिटं लागली.

घरी येऊन संयोगितानं त्याला खुर्चीवर बसवलं, घामानं भिजलेला शर्ट काढला, अंग पुसलं. त्यानं लहान मुलासारखे हात वर केले. वर्षाराणी दाराला टेकून बघत होती. हे आता असंच राहणार, हे तिला त्या वेळी पुरतं कळलं. वर्ष, दोन वर्षं, वीस वर्षं. याच्यापुढं काही येणार नव्हतं. आणि मग तिला ते पोटात ठेवणं अशक्य झालं.

"वैनी, माझ्यामुळं झालं हे," ती म्हणाली. "मी विचारायला पायजे व्हतं. सक्काळीच. तुम्ही एकदा तरी मला बोला. मी तुमचं वाटोळं केलंय आणि तुम्ही मला चहा देताय."

संयोगिता कोरड्या शर्टाच्या बाहीतून नवऱ्याचा हात ओढून बाहेर काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"दवाखान्यात मी दीड का सांगितलं, तुम्ही कधी इचारलं न्हाईसा," ती म्हणाली.

"तुम्हास्नी तवाच कळलं, जेवताना. म्हणून."

"न्हाय." तिनं दुसरी बाही चढवली. "मी चहा घेऊन आलतो न्हवं बाहेर. तवाच कळलं व्हतं."

वर्षाराणीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "काय कळलं व्हतं?"

"त्यातला एकबी शब्द तुमचा न्हवता." संयोगिता बटणं लावायला लागली, खालून वर. "वन्सं, मला समदे येतात. वहीतले ऐंशीच्या ऐंशी. वीस वरसं आत बसून दुसरं काय केलं मी? तुम्ही बाहेर हसायचासा, मी भाकरी थापत ध्यानात ठेवायची. हे कामाला गेले की एकटीच म्हणून बघायची. दारात पावणं रेंगाळलं की मनातल्या मनात खिजरी म्हणायची. ह्यांच्यापुढं कधी म्हटला न्हाय. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा इचारलंतं, म्हंजे काय ओ? तर तुम्ही दोघं दिवसभर हसलासा. वैनी हरली, वैनी हरली. मग न्हाय इचारलं परत."

वर्षाराणीला तो दिवस आठवेना. तिनं खूप आठवून बघितला. इतक्या हसण्यात तेही एक हसणं होऊन गेलं असणार.

"त्या सकाळी ह्यांचं बोलणं ऐकलं," संयोगिता म्हणाली, "आणि मला वाटलं, हे तर आपल्याला येत न्हाय. आदल्या दिवशी फोन झालता तुमचा. म्हटलं, फोनवर नवे काढले असतील दोघांनी. पंधरा वरसांत एक नवा न्हाय काढला, आता मला समदे पाठ झाल्यावर काढले. माझं डोकं फिरलं. लई राग आला. आत गेलो आन मिक्सर लावला, ऐकायला नको म्हणून. त्यात काय न्हवतं, मिक्सरात. वाटण कवाच झालतं. रिकामाच फिरवत बसलो. त्ये दवाखान्यात कुठल्या तोंडानं सांगणार, म्हणून दीड म्हटलं."

विजयसिंह दोघींकडं बघत होता. शर्टाचं वरचं बटण लावून होताच त्यानं ते पुन्हा काढलं.

"आणि तुम्ही मला सांगताय तुमची चूक," संयोगिता म्हणाली. तिचा आवाज आता फुटला, तीन महिन्यांत पहिल्यांदा. "त्या दिवशी मी चहा ठेवला आणि इचारलं असतं, वन्सं, म्हंजे काय? तर सांगितलं असतंसा का?"

वर्षाराणीला हो म्हणायचं होतं. तिच्यापुढं ती बाई उभी होती, नवऱ्याचा ओला शर्ट छातीशी धरून, आणि एवढं एक खोटं बोलायला तिला काही लागलं नसतं.

"न्हाय," ती म्हणाली. "हसलो असतो."